पुढून उचललेल्या पिकअपमध्ये बसून केलेली वाटणी

हे लिहायला मी सकाळपासून टाळाटाळ केली, हे आधीच कबूल करते. आधी पेन सापडेना. सापडलं तेव्हा काचेवर एक मुंगी चढत होती, ती वर पोचते का ते बघत बसले. पोचली. आता सबब उरली नाही.

मी, घरात आणि बाजारात भिंगरी म्हणून ओळखली जाणारी, वय चोवीस, धंदा मालवाहतूक, पत्ता बदलता, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय (समोरची दरी सोडून) लिहून ठेवते की माझ्यामागे माझ्या वस्तूंची वाटणी खालीलप्रमाणे व्हावी. कागद म्हणाल तर पिकअपचं नाक उंच करायला पुढच्या स्प्रिंगांवर बसवायचे ठोकळे आणले, त्यांच्या खोक्यातला आहे. पाठीमागे ते कसे बसवावेत याच्या सूचना आहेत. त्या मी आज पहिल्यांदाच वाचल्या.

आमची अवस्था अशी. वळणावर गाडी कठड्याच्या दोन दगडी खांबांच्या मधून निम्मी बाहेर गेली आहे. पुढची चाकं हवेत, पोट कडेवर टेकलेलं. माझं दार उघडतं ते दरीत. शेजारी आत्या आहे, तिच्या दारावर खांब दाबून बसलाय. मागच्या काचेला लोखंडी जाळी आहे, सामान आत येऊ नये म्हणून मीच बसवून घेतलेली. फोनला रेंज नाही. हौद्यात अगदी मागे आत्याचं लोखंडी कपाट आहे, त्याच्या वजनावर आम्ही टिकून आहोत. ज्या मला एका गावात आठवडा निघत नाही, त्या मला सीटवर कूसही बदलता येत नाही. जरा हललं की खालून कुईं होतं.

कलम पहिले. गाडी माझ्या दादाला, तो गॅरेजवाला. त्याने बजावलं होतं, "रिकामी असताना नाक खाली दिसतं ते बरोबर आहे गं. मागे माल भरलास की आपोआप सरळ होते. पुढून उचललीस तर माल भरल्यावर आकाशाकडे बघत चालेल." तो जेवायला गेला आणि मी ठोकळे बसवले. गाडी दिसायला झकास झाली. पण प्रत्येक खड्डा दातात वाजायला लागला. त्यात आज कपाट चढवलं, तर स्टिअरिंग इतकं हलकं झालं की मला वाटलं, वा. वळणावर मी चाक फिरवलं, गाडी सरळच गेली. अट एकच: दादाने ठोकळे काढावेत, आणि "सांगितलं होतं" असं माझ्या फोटोसमोर म्हणू नये.

कलम दुसरे. काढलेले ठोकळे चौकातल्या पेंटरला द्यावेत. "तुझी गाडी नाक घासत चालते," असं चार लोकांत तोच म्हणाला होता. त्याने ते खुर्चीच्या पुढच्या पायांखाली लावावेत आणि त्या खुर्चीत बसून जेवून दाखवावं.

कलम तिसरे. पान्यांचा संच दादाचाच आहे. तो विसरला असेल तर वाचू नये.

कलम चौथे. माझी वळकटी आणि थर्मास आत्याला, जिने आम्हा दोघांना वाढवलं.

"मला नको," आत्या म्हणते. "मी साक्षीदार ना? साक्षीदाराला काही देता येत नाही."

"कोणी सांगितलं?"

"आहे मला ठाऊक. आणि मीही तुझ्याबरोबरच खाली जाणार, तर वळकटी कुठे अंथरू?"

कलम चौथे रद्द.

आत्याचं सामान हौद्यात का, तेही लिहायला हवं. ती आज घर सोडून माझ्याकडे राहायला निघाली. मी कुठे राहते हे तिने विचारलं नाही, मीही तो विषय काढला नाही. आतोबांबद्दल तिची तक्रार एकच: ते ओसरीवरच्या खुर्चीतून उठत नाहीत. आम्ही कपाट चढवत होतो तेव्हाही बसूनच होते. ती म्हणाली, "जाते." ते म्हणाले, "हं."

वाटेत ती सारखी सांगत होती, "मागे काहीतरी पडलं गं."

"शॉकअप वाजतोय आत्या, नवीन ठोकळे आहेत." असं मी प्रत्येक वेळी म्हणाले.

शेवटची इच्छा: आत्या वाचावी. हे कलम कोणाच्या नावे करायचं ते मला कळत नाही.

ठिकाण: दोन खांबांच्या मध्ये.
तारीख: आजची, ऊन डोक्यावर.
सही: भिंगरी
साक्षीदार पहिली: आत्या (सही केली.)
साक्षीदार दुसरा:

इथे थांबले होते. आत्ताच आरशात कोणीतरी दिसलं. डोक्यावर पाट, एका हातात बादली, बादलीत आत्याची किटली, चाळणी, एक चप्पल. आतोबा. आमचं पडलेलं एकेक उचलत चालत आलेत. गाडीकडे बघून त्यांनी सगळं खाली ठेवलं, हौद्याच्या मागच्या फाळक्यावर चढले आणि कपाटाला टेकून बसले. मागचा भाग हळूच खाली गेला. कुईं थांबलं.

"मागून ट्रॅक्टर येतोय," जाळीतून आवाज आला. "मी बसलोय."

आत्या म्हणाली, "बसा. तेवढं तुम्हाला येतं."

"हं."

दुसऱ्या साक्षीदाराची सही राहिली. त्यांना उठवायचं नाही, असं आत्याने सांगितलंय.