गोठ्यातली शिडी

शालू,

तू पाण्याले गेली म्हून लिहून ठेवतो. काल हिवरखेडात पुन्हा सूर्यचूल दाखवली. नुसत्या उन्हावर भात शिजला, पण दिवसभर ऊन धाब्यावरच राहते, अन् एकबी बाई घराच्या धाब्यावर चढली नाही. "सारं गाव पाहते," म्हणे. मंग म्हाताऱ्या दुर्गाबाईनं इचारलं, "ग्रामसेवक, तुमची बायको रांधते काय धाब्यावर?"

तू पापड घालाले चढली तवा मीबी "सारं गाव पाहते" हेच बोललो होतो, अन् शिडी गोठ्यात नेऊन टाकली होती.

थकलो आता लोकायले सांगू सांगू. चूल घरीच ठेवून चाललो. मन झालं त डाळ मांडजो. आरसा उन्हाकडे फिरवत राहजो. माय बोलली त माह्यं नाव सांगजो.

शिडी धाब्याले लावली हाये.

बळीराम