व्हर्बिनाची खुशाली

आदरणीय व्याहीबुवा विठ्ठलराव यांना दिग्रस तालुक्यातून किसनरावचा रामराम. आपला गुडघा, विहीणबाईंची साखर आणि आमच्या लेकीचा, जयाचा, स्वभाव, तिन्ही काबूत असतील अशी आशा आहे. इकडे कापूस निघाला, तूर घरात आली, आणि सौ. तानाबाईंचा आवाजही पूर्ववत झाला आहे. खिशात मोबाइल असताना पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. फोनवर समोरचा माणूस मध्येच प्रश्न विचारतो. पत्रात मुद्द्यावर सावकाश येता येतं.

दिवाळीनंतर बंगळूरला धाकट्या चिरंजीवांकडे जाताना आपण चार सुवासिक झाडांच्या कुंड्या आमच्या अंगणात सोपवल्या, आणि येत्या रविवारी त्या न्यायला येत आहात. तेव्हा एकेकाची खुशाली कळवतो. पुदिना उत्तम आहे. कुंडीत मावेना म्हणून मोरीच्या कडेला लावला. आता मोरी सापडत नाही. मरवाही बरा आहे, फक्त तानाबाई रोज त्याच्या काड्या गजऱ्यात घालतात, त्यामुळे एका बाजूनं भांग पाडल्यासारखा दिसतो. रोझमेरी आपण बटाट्यात घालायला सांगितली होती. आम्ही चिवड्यात घातली. (चिवडा शेजारच्या नंदाबाईंकडे पाठवला. परत आला.)

राहिलं लेमन व्हर्बिना. त्याचीही तब्येत चांगली असून ते सध्या हवापालटासाठी शेजारी गेलं आहे. ते कसं गेलं, हे सांगणं माझं कर्तव्य आहे. आपण निघताना त्याचं पान चुरडून माझ्या नाकाखाली धरलं होतं. तीस वर्षं कपाशीवर फवारणी केलेलं माझं नाक, पण त्यालाही लिंबाचा वास आला. त्या दिवसापासून घरातला गवती चहा बंद झाला आणि व्हर्बिनाचा सुरू झाला. पाहुणे वाढले. आपण आपल्या हेडमास्तरी अक्षरात दिलेला सात कलमांचा सूचनांचा कागद मी कॅलेंडरच्या डिसेंबरच्या पानाला टाचून ठेवला होता आणि रोज वाचत होतो. एक जानेवारीला रीतीप्रमाणे नवं कॅलेंडर लागलं. जुनं तुरीच्या कोठीच्या तळाशी गेलं. ‘थंडीत सर्व पाने गळून नुसत्या काड्या उरतील, झाड जिवंत असते, हात लावू नये’ हे पाचवं कलमही त्याच्यासोबत गेलं.

पुढे थंडी पडली आणि पानं गळली. त्याच आठवड्यात वावरातली पऱ्हाटी उपटून, वर्षाचं सरपण म्हणून आम्ही अंगणात रचली. आता आपणच सांगा, कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या ढिगाला खेटून कमरेएवढं, बिनपानाचं, तपकिरी काहीतरी उभं असेल, तर शेतकऱ्याच्या हाताला फरक कसा कळावा? घरातल्या एका जबाबदार व्यक्तीनं (नाव घेत नाही; घरात आम्ही दोघंच असतो) ते उपटून, मोडून ढिगावर टाकलं. दुसऱ्या दिवशी ते पाणी तापवायच्या चुलीत गेलं. गल्लीभर लिंबाचा धूर झाला. नंदाबाई भिंतीवरून म्हणाल्या, “काहून वो भाऊजी, लोणचं जाळून राह्यले काय?” (मी चुलीपाशी फक्त शेकत बसलो होतो.)

पण देवाची कृपा म्हणा, नंदाबाईंनी आदल्या संध्याकाळी त्या ढिगातून चार काड्या वालाच्या वेलाला आधार म्हणून नेल्या होत्या. होळीच्या सुमारास त्यातली एक पालवली. मी हात लावून पाहिलं, वास घेतला, तेच. लगेच परत मागितली. त्या म्हणाल्या, “तुम्ही मले पऱ्हाटी देल्ली, झाड नाही देल्लं. पऱ्हाटी पाहिजे त दोन भारे घेऊन जा.” कायद्यानं त्यांचं बरोबर असावं. तेव्हापासून मी रोज सकाळी बोलणी करायला जातो. रिकाम्या हातानं बोलणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांचं सरपण फोडून देतो. वालाचा मांडवही बांधला. बोलणी योग्य दिशेनं चालली आहेत.

विहीणबाईंना नमस्कार. जयाला हे पत्र दाखवण्याची गरज नाही.

आपला,
किसनराव

ता. क. : रविवारी आपण आमच्याकडे येण्याआधी नंदाबाईंकडे चहाला जावं. आमच्या गल्लीत लेकीच्या सासरचा माणूस पहिल्यांदा चहाला आला की टोपी-दुपट्टा दिल्याशिवाय उठू देत नाहीत, आणि त्यानं काही मागितलं तर नाही म्हणत नाहीत. त्या टोपी पुढे करतील. टोपी घेऊ नये. काडी मागावी.

ता. क. २ : दादा, मी तानाबाई. पत्र पोस्टात टाकाले ह्यांनी मलेच देल्लं, म्हून वाचलं. ज्या दिवशी उपटलं अन् ज्या दिवशी जाळलं, दोन्ही दिवस मी दिग्रसले बहिणीकडं होती. आली त हे आंघोळ करून खुशीत बसले होते. म्हणे, आज पाण्याले काय वास आहे! ते काडी जिवंत हाय हे नंदाबाईनं पह्यल्याच दिवशी नखानं खरवडून पाह्यलं होतं. तिच्याच दोन फांद्या तिनं तुमच्यासाठी कुंडीत लावून ठेवल्या, दोन्ही फुटल्या. ह्यांना सांगू नका. अन् जमलं त एक रविवार उशिरा या. नंदाबाई आता ह्यांना आमच्या न्हाणीचा ओटा बांधाले सांगणार हाय. मी सांगून सात वर्षं झाली.