वेटोळीमाय

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

झालं! शेवटची गारगोटी दुपारी बसवली. दादाच्या बरडावर, नापीक उतारावर, काळ्या दगडांचं वेटोळं – बाहेरून आत सात फेरे. दगडांच्या माथ्यावर पांढऱ्या गारगोट्या. मधल्या वाटेवर पळसाची फुलं, रोज ताजी टाकावी लागतील. आणि मधोमध काही नाही. मुद्दामच नाही. माणसानं फिरत फिरत आत यावं आणि तिथं नुसती मोकळी जागा असावी. एवढंच.

शाळेतली चित्रकलेची जागा बंद झाली तेव्हापासून हात रिकामे होते. अडीच महिने दगड वाहिले. दोन नखं गेली.

दादा बघायला आला. कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभा. मग म्हणाला, "वैजे, बरडावर दगड तं होतेच. तू त्याचे पुन्हा दगडच केले."

हसले. घरी आल्यावर रडू आलं.

१४ फेब्रुवारी

पाच दिवसांत बघायला आलेले – एक शेळी.

१९ फेब्रुवारी

मोकळ्या जागेत कुंकू. दोन बोटं ओढलेलं. भागिरथावहिनीचंच काम, विचारलं तर लपवलंही नाही. "मोकळी जागा ठेवू नाही बाई. आपन नाही बसवलं तं कुनीतरी येऊन बसन तिथं."

पदरानं पुसून टाकलं. 

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सकाळी गेले तर मधोमध नारळाएवढा दगड. शेंदूर ओला होता अजून. शेजारी पुंजाजी मांडी घालून बसलेला. म्हातारा सत्तरीचा, डोळे मिटलेले. त्याची हरवलेली म्हैस परवा सापडली. नाल्याच्या काठाला चरत होती, सगळ्यांना ठाऊक आहे! पण त्याचं म्हणणं वेगळं. "मले सपनात आली. वेटोळीमाय म्हने माहं नाव."

"पुंजाजी, हे मी केलंय. माझ्या हातानं."

"हो ना. तुमच्याच हातून करून घेतलं तिनं."

उचलून फेकणार होते. तेवढ्यात लोक यायला लागले. शंभर तरी असतील. चपला खाली काढून, एकामागं एक, सातही फेरे. हळू. एकाचाही पाय दगडाला लागला नाही. बाया चालता चालता गारगोट्यांवरून बोटं फिरवत होत्या. बावीस वर्षं मुलांना शिकवलं – बघा, घाई करू नका, नुसतं बघा. कुणी बघितलं नाही. आज बघत होते!

दगड राहू दिला.

इथं खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते – मला बरं वाटलं.

७ मार्च, शुक्रवार

रिसोडहून जीप भरून माणसं. एकाचा पाय सुजलेला, हिरवट पडलेला. पुंजाजी त्याला म्हणाला, पाच शुक्रवार करा. मी त्या माणसाला बाजूला घेऊन सांगितलं, आधी डॉक्टरला दाखवा. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मीच देवाच्या आड आले.

दादाला सांगितलं, हे थांबवायला पाहिजे. तो जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "आता कायले? पह्यल्या दिवशी थांबवाचं होतं. आता गाव अंगावर घेऊ नको."

१८ मार्च

भर दुपारी गेले. उन्हात कुणी नसेल वाटलं. शेंदरी दगड दोन्ही हातांनी धरला. मागून वहिनीनं मनगट पकडलं. केवढी ताकद त्या बाईत! "बाई, हात लावू नोका. तुमाले लेकरंबाळं नाही, तुमाले काय समजते? माह्या घराले लागन."

सोडून आले. मनगटावर तिच्या बांगडीचा वळ आहे. ती आता बाहेर भाकरी थापते आहे. 

२ एप्रिल, बुधवार

टेकडीपलीकडच्या तांड्यावरची माणसं ऊसतोडीहून परतली. रस्त्यात किशन भेटला, संगीताचा नवरा. मुलगा झाला म्हणे, तिकडेच, फडात. आज सातवा दिवस. आनंदाचं सांगत होता पण चेहरा उतरलेला. "संगीताले ताप हाय बाई. टरकात थंडी वाजत व्हती."

संगीता माझी विद्यार्थिनी. सातवीत पाच पायांचा घोडा काढला होता. विचारलं तर म्हणाली, "पळताना मोजता येत नाहीत, बाई." इतकं खरं उत्तर पुन्हा कुणी दिलं नाही मला.

किशनला म्हटलं, आजच्या आज दवाखान्यात ने. बाळंतिणीचा ताप अंगावर काढायचा नसतो. हो म्हणाला. मी तांड्यावर जायला हवं होतं. गेले नाही. हो म्हणाला म्हणून गेले नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

खांदा दुखतोय. तरी लिहिते.

अकराच्या सुमारास वहिनी धावत आली. "बाई, तांड्यावरची बाळंतीण आनली मायपाशी. बरी दिसत नाही हो." तिनंच सांगितलं, हे लिहून ठेवते.

चाळीस-पन्नास माणसं. मधोमध गोधडीवर संगीता, शेंदरी दगडाला डोकं टेकवून. माझ्या मोकळ्या जागेत! हात लावला तर तव्यासारखी. ओठ पांढरे. अंगाला घाण वास. मी नाव घेतलं, पाच-सहा वेळा घेतलं. डोळे उघडे, पण ओळख नाही. तिची सासू गोमतीबाई बाळ छातीशी धरून फेरे घालत होती.

"गोमतीबाई, हिला उचला. आत्ता!"

"पाच झाले. सात झाले की ताप उतरते."

"मरेल ती!"

तेव्हा थांबली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रागात नव्हती, तेच वाईट. "मास्तरीनबाई, माह्यी मोठी सून आमी दवाखान्यातच नेली व्हती. पायानं चालत गेली. चादरीत बांधून देली मले. हे दुसरी नाही देत मी."



किशनकडं पाहिलं. तो पायाकडं बघत होता. पुंजाजी म्हणाला, "बाई, तुमी बाहेर व्हा. आत चपला घालून आल्या तुमी."

मग काय झालं ते नीट आठवत नाही. बाहेरच्या फेऱ्यापासून सुरुवात केली एवढं आठवतं. दगड उपटले, उतारावर ढकलले. एक, दुसरा, दहावा. गारगोट्या उडत होत्या. बाया ओरडत होत्या. कुणीतरी मागून खेचलं, झिंज्या धरल्या. एक दगड खांद्यावर बसला – माझाच दगड, मला फेकून मारलेला. थांबले नाही. आत शिरले, संगीताचं डोकं मांडीवर घेऊन शेंदरी दगड काढला आणि दोन्ही हातांनी खाली भिरकावला. तो गडगडत बाभळीपर्यंत गेला. सगळे त्याच्याकडंच बघत राहिले.

"आता इथं काही नाही! कुणी नाही इथं! किशन, उचल तिला!"

कुणी हललं नाही. वाटलं, आता मारतात मला.

खाली आमच्या जीपचा हॉर्न वाजला. लांबलचक. दादा! मळ्यातून तसाच आलेला, अंगात बनियन. तो वर आला नाही, नुसता हॉर्न दाबून बसला. किशननं वाकून बायकोला उचललं. गोमतीबाई दोन पावलं आडवी आली, मग बाजूला झाली. आणि बाळ घेऊन मागोमाग पळत सुटली.

मंगरूळपीरला सलाइन लावून वाशिमला पाठवलं. आता मी इथंच आहे, दवाखान्याच्या व्हरांड्यात. चार वाजलेत.

५ एप्रिल

बाळाची वार पोटात राहिली होती, ती सडली. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, बहात्तर तास काही सांगता येणार नाही. आणि कशात वेळ घालवला, असं विचारलं. गोमतीबाई खाली बघत होती. उत्तर मी द्यायला हवं होतं.

शेंदरी दगड सदतीस दिवस तिथं होता. मी बसवला नाही. पण बसू दिला.

७ एप्रिल

दादाचा फोन. "चार दिस येऊ नको गावात. चावडीपाशी बसले हायेत. पुंजाजीनं अन्न सोडलं. कोप होईन म्हनतात."

"तुला काही बोलले?"

"मले काय बोलतीन!" मग – "दुधवाल्यानं दूध घेनं बंद केलं."

संगीता तशीच. बाळाला वरचं दूध चाललंय. माझा खांदा उचलत नाही.

९ एप्रिल

ताप एकशे एक! पहाटेपासून चढला नाही. दुपारी डोळे उघडून बराच वेळ माझ्याकडं बघत होती.

"बाई, तुमचा हात कायनं सुजला?"

बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकलं. गोमतीबाई आली, शेजारी बसली.  पदराच्या गाठीतून फुटाणे काढले, अर्धे मला दिले.

१३ एप्रिल, रविवार

जीपनं घरी. अंगावर येतील, शिव्या घालतील, सगळ्याची तयारी केली होती. पण गावात शिरलो तर माणसं नुसती उठून बाजूला झाली. पारावर बसलेले उभे राहिले. कुणी नजर दिली नाही. शिव्या चालल्या असत्या. हे काय आहे?

वहिनीनं पायावर पाणी घातलं. कधी घालत नाही.

दादा बरडावर जाऊ नको म्हणाला. कारण सांगेना.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी कडी वाजली. दारात वीस-पंचवीस बाया, हळदकुंकवाची ताटं. पुढं पुंजाजी, खंगलेला, हात जोडून. "माय दगडातून उठली. बाईच्या अंगात बसली. तापात गेलेलं मानूस परत आनलं तिनं."

मी ओरडले. नाही, नाही, डॉक्टरांनी आणलं! त्यांनी माना डोलावल्या, जशा देवाच्या परीक्षेला डोलावतात.

त्यांतल्या ललिताबाईनं कडेवरचं पोर माझ्या पायाशी ठेवलं. दोन वर्षांचं. धापा टाकत होतं, नखं निळी. मी दवाखाना म्हटलं. ती जागची हलली नाही. पुन्हा म्हटलं. नाही हलली.

मग मी डोळे मिटले. "माय सांगते, दवाखान्यात ने."

नेलं.