दुसरी नजर बाकी असलेला रुपया

उधना, सुरत
चैत्र वद्य दशमी

प्रिय शालिग्राम,

उखाचा सप्रेम नमस्कार. सौ. प्रमिलाबाईंचे गुडघे वगळता येथे सर्व कुशल आहे. हे पत्र वैशाली सूनबाईंनी दुपारची कामे आटोपल्यावर, ओट्यावर बसून, सावकाश वाचून दाखवावे. घाईने तपासलेल्या कापडाच्या ताक्यात दोष राहतो हे आपण दोघांनी आयुष्यभर पाहिले आहे, आणि पत्राचेही तसेच असते. गजेंद्र म्हणाला, "बाबा, फोन करून टाका ना, पत्र कोण लिहितं आता?" मी त्यास सांगितले की माझे आणि शालिग्रामचे फोन भांडणात संपतात, आणि आज मला भांडावयाचे नाही.

विषय आपल्या राणीछाप रुपयाचा आहे. तापीकाठच्या जुन्या बाजारात तो आपण दोघांनी मिळून घेतला, तेव्हा आपल्या मिशा काळ्या होत्या. तू किनारीवरून बोट फिरवून म्हणालास, "अस्सल." मी फरशीवर वाजवून पाहिला आणि म्हणालो, "बद्द वाजतो, ओतीव आहे." त्या दिवसापासून तो रुपया एका अक्षय्य तृतीयेस, म्हणजे आपल्या आखाजीस, तुझ्या घरी आणि पुढच्या आखाजीस माझ्या घरी जात आला. आपली मिल बंद झाली, तू अमळनेरकडे गावी परतलास, तरी त्याची फेरी चुकली नाही. उधन्याहून सुटणाऱ्या भुसावळच्या गाडीने त्याने आपल्याहून अधिक प्रवास केला असेल. जो हरेल त्याने स्वतःच्या हाताने खापरावरचे मांडे करून जिंकणाऱ्यास वाढावेत, ही पैज आपल्या बायका अजून हसून एकमेकींना सांगतात.

गेल्या आखाजीस तू एकाएकी म्हणालास की आता निकाल लागलाच पाहिजे, पुढच्या आखाजीच्या आत. मला नवल वाटले. इतकी वर्षे ज्याला घाई नव्हती त्याला आताच कसली घाई, असे मी घरी बोलूनही दाखविले. गजेंद्रने शोध केला. नाणी तपासून, त्यांस प्रत ठरवून देणारी एक संस्था आहे. नाणे अस्सल असेल तर त्याच्या प्रतीचा अंक लिहून ते पारदर्शक पेटीत बंद करून परत पाठवितात. दिवाळीनंतर रुपया पाठवावयाचा ठरला. पाठविण्यापूर्वी सौ. प्रमिलाबाईंनी तो चिंच आणि राख लावून लख्ख घासला. "घरातून वस्तू मळकी बाहेर जाते का कधी? लोक काय म्हणतील?" असे त्यांचे म्हणणे. मलाही ते पटले. लक्ष्मीपूजनास आपण दोन्ही घरी तसेच करीत आलो आहोत.

संस्थेने महिन्याभराचा वायदा केला होता. संक्रांत गेली, होळी गेली. गजेंद्रच्या मोबाइलवर 'प्रतीक्षेत' एवढा एकच शब्द दिसे. शेवटी मी स्वतः फोन लावला. निशा नावाची मुलगी बोलली. प्रथम हिंदीत, मग माझे नाव ऐकून मराठीत. म्हणाली, "आजोबा, माणसंच कमी आहेत हो. नाणी पोत्यानं येतात आणि बघणारे डोळे मोजके. आमच्याकडे प्रत्येक नाणं दोघं वेगवेगळं बघतात. तुमचं एकानं बघून झालंय. दुसरे साहेब नोकरी सोडून गेले, नवे अजून आले नाहीत." मी विचारले, पहिल्याचे मत काय पडले? ती म्हणाली, "ते सांगता येत नाही, नाहीतर दुसऱ्याची नजर तिकडेच वळेल." शालिग्राम, मला इतका आनंद झाला की मी त्या मुलीस आशीर्वाद दिला. पुढे तिने विचारले, "नाणं धुतलं वगैरे नाही ना?" मी अभिमानाने सांगितले, चिंच लावून धुतले आहे. "अरेरे, आजोबा!" ती म्हणाली. घासलेल्या नाण्यास म्हणे अंक मिळत नाही. अस्सल की नकली एवढेच कळते. ही गोष्ट मी सौ. प्रमिलाबाईंस अद्याप सांगितलेली नाही, तूही सांगू नयेस.

त्या रात्री मला आपले तपासणीचे टेबल आठवले. खालून ट्यूबलाइट, वरून सरकणारा ताका, एका बाजूस तू आणि दुसऱ्या बाजूस मी. तू तुझ्या किनारीवर खडूची खूण करावयाची, मी माझ्या, आणि शेवटपर्यंत एकमेकांस सांगावयाचे नाही. माझ्या नजरेतून तुटका धागा सुटला की तुझे ठरलेले वाक्य साऱ्या खात्यात घुमत असे, "उखा भो, तुना डोया फुटी ग्यात का रे?" माझ्या फुटक्या डोळ्यांवर सगळे हसत. मला राग येई. प्लेगच्या वर्षी लोक मिळेल त्या गाडीने गावी पळाले, खात्यात आपण दोघेच उरलो, ताके छतास टेकले. सेठ म्हणाले, एकाने पाहिले तरी चालेल. आपण ऐकले नाही. ताके थांबले, व्यापारी थांबले, सेठ कपाळावर हात मारून म्हणाले, "तमे बे तो सासु-वहु जेवा छो, एकबीजा वगर चालतुं नथी!" सासू कोण, सून कोण आणि कोणाचे कोणावाचून चालत नाही, यावर आपण पुढे आठवडाभर भांडलो.

आणि मतभेद झाला म्हणजे तू काय करीत असस, ते आठवते का? तू डोळे मिटून घेत असस. मिटल्या डोळ्यांनी ताक्यावरून बोटे सरकवीत जायचास आणि नेमक्या जागी थांबायचास. मी खाली वाकून पाहावे तो तेथे धागा तुटलेला असे.

सूनबाई, आता पुढचे वाचताना थांबू नये. आवाज जड झाला तर पाणी पिऊन घ्यावे.

शालिग्राम, तुझ्या घाईचे कारण मला सूनबाईंच्या फोनवरून समजले. काचबिंदूने एक डोळा गेला, दुसऱ्यातला उजेडही उतरत चालला आहे, आणि तू हे मला कळू द्यावयाचे नाही अशी घरात सर्वांस ताकीद दिली होतीस. रोज सकाळी दारात जाऊन "रुपया आला का?" असे विचारतोस, हेही समजले. तेव्हापासून मी त्या संस्थेस रोज फोन करू लागलो. मी कोणापुढे हात जोडणारा मनुष्य नाही, हे तू जाणतोस. त्या निशापुढे जोडले.

परवा तिचाच फोन आला. "आजोबा, नवे साहेब रुजू झाले, पहिलं तुमचंच नाणं ठेवलंय. संध्याकाळी पेटीत बंद करून पाठवते." मी विचारले, पेटी उघडता येते काय? ती म्हणाली, "छे! एकदा बंद झाली की संपलं. मग त्याला कुणाचं बोटसुद्धा लागत नाही." मला तुझी बोटे आठवली. मग तिला सांगितले, बाई, साहेबांस तसदी देऊ नकोस. रुपया जसा आहे तसा उघडाच परत पाठव. तिला वाटले, म्हातारा वाट पाहून रागावला. आज सकाळी तो आला. पुडक्यात कोणाचेच मत लिहिलेले नाही, आणि मी ते विचारलेही नाही.

हे पत्र त्यासाठीच लिहीत आहे. पुढील आठवड्यात आखाजी आहे, आणि यंदाची पाळी तुझ्या घरची आहे. मी सकाळच्या गाडीने रुपया घेऊन येत आहे. माझे मत मी पूर्वीच दिले आहे; दुसरी नजर तेवढी बाकी आहे, ती तुझी. डोळे मिटण्याचे श्रमही आता तुला घ्यावे लागणार नाहीत. किनारीवरून सावकाश बोट फिरव. तू जे सांगशील तो निकाल, आणि आयुष्यात प्रथमच मी त्यावर हरकत घेणार नाही. मांडा हातावर विस्तारण्यास सौ. प्रमिलाबाईंकडून शिकत आहे. आतापर्यंतचे सर्व फाटले. निकाल दिलास की माझ्या डोळ्यांवरचे ते तुझे जुने वाक्य मात्र खात्यात म्हणत असस तेवढ्याच मोठ्याने म्हण. यंदा मी रागावणार नाही. ते ऐकण्यासाठीच येत आहे.

टेबलाच्या पलीकडच्या बाजूस उभा असलेला,
तुझाच
उखा