धाग्यांना वास येतो

१२ ऑगस्ट
नाही उतरवणार! प्राध्यापक सिकाझ्वे म्हणाले, "न्कांदू, चर्चच्या ओसरीवरचा तो खोका काढ. प्रयोगशाळेला पैसा कारखाना देतो." देत असेल. खोक्यातले धागे मी ओढलेत! कथिलाच्या ऑक्साइडचे, केसाहून कितीतरी बारीक. तापते ठेवले की चिमणीच्या गंधकी धुराचा माग आपल्या नाकाआधी त्यांना लागतो. आणि खोका ओरडतो.

१५ ऑगस्ट
कसूबा जेवता जेवता म्हणाला, "या घरातली न्शिमा त्या चिमणीच्या जिवावर शिजते, विसरू नकोस." नवरा माझा, कारखान्यात भट्टीवर मुकादम.
म्हटलं, "आणि तुझ्या आईचा खोकला?"
ताट टाकून उठला.

१९ ऑगस्ट
सकाळी खोका ओरडला. शेजारची मुसोले आत्या रस्ताभर बोंबलत सुटली - "सेंता येतोय गं! पोरं आत घ्या!" दारं बंद. मग आला सेंता, तो गंधकी धूर. खोकायला बाहेर कुणीच नव्हतं!

२३ ऑगस्ट
वस्तीची बैठक. कारखान्याचा साहेब म्हणाला, "बाई, तुमचं खेळणं कोळशाच्या शेगडीलाही घाबरतं." लोक हसले. साहेबाच्या रांगेत कसूबा, कंपनीचा शर्ट घालून. तो हसला नाही. पण उठलाही नाही.
घरी येऊन शेगडी पेटवली. खोका ओरडला! साहेब खरंच बोलला होता. चरफडले. रडले नाही.

६ सप्टेंबर
प्रयोगशाळेचं कुलूप बदललं. बरं! शाळेतल्या कुंभारकामाच्या भट्टीत धागे भाजतेय. ओढायला लागणारा विजेचा दाब जुन्या टीव्हीतून काढला. या खेपेला कथिलात चिमूटभर निकेल.

१४ सप्टेंबर
पुन्हा बैठक. आत्यानं साहेबाच्या पुढ्यातच शेगडी फुंकली. धूर थेट खोक्यावर. गप्प! साहेब डोळे चोळतोय, खोका गप्प.
"काय साहेब, खेळणं झोपलं वाटतं?" आत्या म्हणाली.
तेवढ्यात वारा फिरला, चिमणीकडून आला. खोका असा किंचाळला म्हणता! साहेब रुमाल शोधू लागला.
घरी टेबलावर दुसरा खोका जुळवला. कसूबा माझ्याकडे पाठ करून झोपला.

१५ सप्टेंबर
टेबलावरचा दुसरा खोका नाही. कसूबा न सांगताच पाळीवर गेला. फोडला असणार. फोडू दे! पुन्हा करीन.

१५ सप्टेंबर, दुपार
कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला. फाटकाशी धावले. भट्टीवरची अख्खी पाळी काम टाकून बाहेर उभी. सगळ्यांत पुढे कसूबा. काखेत माझा खोका, अजून ओरडतोय.