हाफपँटीतला फोटो

येरमाळा,
१२ फेब्रुवारी १९७३

तीर्थरूप अप्पा,

गिरिजाचा नमस्कार. मी खुशाल आहे. अव्वाचे गुडघे कसे आहेत? गोळ्या जेवणानंतरच घ्यायच्या, उपाशीपोटी नाही. ती माझं ऐकत नाही, तुम्ही सांगा. आपल्या आडाला पाणी आहे का? इथं टँकर आला तर आला. दवाखान्यात निम्मे पेशंट तलावाच्या दुष्काळी कामावरचे, ठेचलेली बोटं आणि जुलाब.

एवढ्या व्यापात खो-खोचा सराव होतोच कसा, असं तुम्ही विचारलंत. ऐका तर. कामावर बायका खडी फोडायला रांगेनं बसतात. दुपारी मी तिथं औषधं घेऊन जाते. त्यांच्यातली बनाबाई एकदा म्हणाली, "डाक्टरीणबाई, खो-खोला बसाया माणसं लागत्यात न्हवं? आमी दिसभर बसलेल्याच हाव. पळा की आमच्यामधून." तेव्हापासून भाकरीच्या सुट्टीत त्या एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं अशा बसतात आणि मी पदर खोचून त्यांच्यातून नागमोडी पळते. मुकादम आधी ओरडला. आता तोच शिट्टी वाजवतो.

निवडीच्या दिवशी एक बाई बाळंत होऊन सुटली, मगच मी एस.टी. धरली. हाताला डेटॉलचा वास तसाच होता. तरी राज्याच्या संघात घेतलं. एकापायी दुसरं बुडतं, हे तुमचं म्हणणं तेवढं खोटं पडलं.

पेपरातला फोटो तुम्ही पाहिलात. हाफपँटीतला. अक्कलकोटच्या स्थळाला तुम्ही "पोरीचा खेळ केव्हाच सुटला" म्हणून सांगून बसला होतात, आता त्यांना काय तोंड दाखवू, असं लिहिलंत.

बाकी ठीक.

ठीक लिहिलं खरं, पण ठीक नाही. स्पर्धेसाठी रजा मागायला मी उस्मानाबादला जिल्ह्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांकडं गेले होते. माझा दवाखाना सांभाळायला शेजारच्या केंद्राचे डॉ. शांतलिंग तयार होते. बदल्यात त्यांची शिबिरं मी घेणार. साहेबांनी अर्ज बाजूला सारला. म्हणाले, "तुमचे वडील येऊन गेले. रजा देऊ नका म्हणाले."

अप्पा, आपल्या मुरुम गावाहून तुम्ही साहेबांपर्यंत गेलात आणि माझ्याकडं आला नाहीत. फार लागलं मला. रडलेसुद्धा, पण साहेबांपुढं नाही. त्यांना म्हटलं, "रजा मी मागतेय. नाकारायची तर 'वडील नको म्हणतात' असं कारण लिहून द्या." त्यांनी पेन उचललं, ठेवलं, परत उचललं आणि मंजुरीची सही केली.

आपल्या अडतीच्या दुकानाच्या अंगणात खो-खोचे खांब तुम्हीच रोवले होते. पोरी कमी पडल्या की धोतर सावरून स्वतः रांगेत बसायचात. गिऱ्हाईक हसलं तर हसू द्यायचात. मग आता लोकांच्या हसण्याचं एवढं भ्या कसलं?

अक्कलकोटची काळजी सोडा. तो फोटो कापून मीच त्यांना पाठवला. सोबत लिहिलंय, "लग्नानंतर खेळेनही आणि दवाखानाही चालवीन. जमत असेल तर कळवा." आता तुम्हाला काही लपवायचं उरलं नाही.

शनिवारी सोलापूरहून आमच्या संघाची गाडी आहे. यायचं तर पोचवायला या. अडवायला आलात, तर अंगावर आलेल्याला हुलकावणी कशी द्यायची, ते मला तुम्हीच शिकवलंय.

गोळ्यांचं विसरू नका.

तुमचीच,
डॉक्टर आणि खेळाडू, दोन्ही,
गिरिजा कल्याणप्पा