लांबून जवळचं दाखवणारी लेन्स

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही "रेंज नाही गं" म्हणून विषय तोडता, म्हणून हे पत्र. केळशीला पोचेल तेव्हा पोचेल, पण वाचा मात्र शेवटपर्यंत.

आमच्या पाध्येसरांनी ऑपरेशन चालू असताना जवळून फोटो काढायला कॅमेरा घ्यायचं ठरवलं, तेव्हा मला म्हणाले, "तुझ्या वडिलांचा मांडवीला फोटो स्टुडिओ होता ना? विचार त्यांना." तुम्ही किती हौसेनं सांगितलंत! साठ एमएमची मॅक्रो लेन्स नको, पार जखमेवर वाकावं लागेल, सावली पडेल; शंभरची घ्या, हातभर लांब राहूनही टाका न् टाका दिसेल. साधा फ्लॅश ओल्या मांसावर चकाकतो, म्हणून लेन्सभोवती बसणारा रिंग फ्लॅश आणि त्यावर चकाकी मारणारा पोलरायझर. मला वाटलं, बाबांना त्यांचा स्टुडिओ परत मिळाला.

यमुनाबाई सिस्टर फोटो काढू लागल्या आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. सर त्यांना दर वेळी बजावायचे, "सावनीचे हात नीट येऊ देत." स्वतःचे कधीच नाहीत. त्याच सुमारास एका खलाशाच्या बोटाची मी शिवलेली शीर सुटली होती, सरांना ती पुन्हा शिवावी लागली. त्यावर ते अवाक्षर बोलले नाहीत. न बोलणारा माणूस पुरावे गोळा करतो, असं मला वाटायला लागलं. टाका घालताना अर्धं लक्ष लेन्सकडे. सरांनी चहाला हाक मारली तरी वाटायचं, आज नारळ देणार. विनीत म्हणाला, "उगाच संशय घेतेस." तर मला नवऱ्याचाच संशय आला, याला काहीतरी ठाऊक आहे म्हणून!

परवा सरळ विचारलं, "सर, माझ्याविरुद्ध काही चाललंय का?" सर गडबडले. मग म्हणाले, "अगं, तुझ्या बाबांना पाठवतो ते फोटो. त्यांची अटच होती तशी."

गणपतीत आरतीचं तबक तुम्ही डाव्या हातात धरलं होतंत, ते तेव्हा आठवलं. उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वळत चाललंय, आणि कॅमेऱ्याचं निघण्याआधीच, मी सुट्टीवर असताना, तुम्ही येऊन सरांना दाखवून गेलात, हे मला सरांकडून कळावं! वर म्हणालात, "मुलगी करणार असेल, तर आधी तिचे हात बघीन." म्हणजे ती लेन्स, तो फ्लॅश, सगळं तुम्ही स्वतःला बघायला निवडलंत. संशय माझा खरा होता बाबा, माणूस चुकला.

मी चिडलेय. पेशंटनी फोटोला संमती दिली ती शिकण्या-शिकवण्यासाठी, तुमच्यासाठी नव्हे. सरांनाही मी हे ऐकवलं. त्यांनी चूक मान्य केली, पाठवणं बंद केलंय. तुमच्याकडचे फोटो आजच्या आज पुसून टाका. आणि एवढे फोटो बघून तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. चांगलं नाही, वाईटही नाही. एवढे दिवस मी कशी झोपले असेन?

सर म्हणतात, आणखी थांबलात तर बोटं पूर्ण सरळ होणार नाहीत. मी करते ऑपरेशन. सर शेजारी उभे राहतील. पत्र मिळाल्यावर पहिल्या मंगळवारी या. यात पूर्ण भूल देत नाहीत, नुसता हात बधिर करतात, तेव्हा तुम्ही जागेच असाल. एरवी पेशंटला दिसू नये म्हणून मध्ये पडदा धरतात. तो मी धरू देणार नाही. माझे हात बघायचेत ना तुम्हाला? मग माझ्यासमोर बघा, आणि काय वाटलं ते मला तोंडावर सांगा.

तुमचीच,
सावनी